अकरा नंबरची पट्टी

दिवा पुन्हा लागला तेव्हा ती चौकात सिग्नलला उभी होती, आणि तिनं पहिल्यांदा काय केलं असेल तर मान वळवून मागच्या सीटकडे पाहिलं. तिथं बसून कुणीतरी मुद्दाम लावल्यासारखाच तो लागला होता ना! मागे छत्री होती, तिच्या दांड्यावर चिकटपट्टी आणि पट्टीवर शाईनं लिहिलेला अकरा आकडा. बाकी कुणी नाही. समोर, वेग दाखवणाऱ्या काट्याच्या खाली, नखाएवढा पिवळा दिवा, इंजिनाच्या आकाराचा. नऊ दिवस तो विझलेला होता. या नऊ दिवसांत किल्ली फिरवली की ती रस्त्याकडे न बघता आधी त्या जागेकडे बघायची, शत्रूच्या बंद खिडकीकडे बघावं तशी. "वाटलंच होतं मला," ती मोठ्यानं म्हणाली. शेजारच्या स्कूटरवरच्या बाईनं तिच्याकडे चमकून पाहिलं. खरं म्हणजे तिला राग यायला हवा होता, आणि तो येणार होताच, पण त्याच्याआधी एक गार, गोड समाधान पोटात उतरलं. आपला संशय खरा ठरला की असं व्हायचं तिला. नवरा म्हणायचा, "तुला वाईट बातमी आली नाही तर जेवण जात नाही." म्हणू दे. त्याचं काय, त्याला कुंड्यांना पाणी घातलं की जग जागच्या जागी असल्यासारखं वाटतं.

हॉस्पिटलच्या आवारात गाडी लावल्या लावल्या तिनं गॅरेजच्या मालकांना फोन केला. मालक गोड बोलणारा माणूस, म्हणजे तिच्या हिशेबी आधीच अर्धा गुन्हेगार. पण आज त्यांच्या गोडव्यात आणखी काहीतरी होतं. "ताई, बरं झालं तुम्ही फोन केलात," ते म्हणाले. "बरं म्हणजे, वाईटच झालं, पण तुम्ही एक करा. मला लेखी द्या. दोन ओळी पुरेत. फुंकर मिस्त्रीनं चुकीचा सेन्सर बदलला, दिवा पुन्हा लागला, खाली तुमची सही. त्याचं वय झालंय हो. मी तोंडी काही बोललो तर बाकीचे कारागीर माझ्यावर उलटतात, तीस वर्षं इथं राबलेला माणूस म्हणून. गिऱ्हाइकाचं लेखी असलं की प्रश्न मिटला. आज शुक्रवार. उद्यापासून त्याला येऊ नको म्हणून सांगतो." तिनं विचारलं, "एवढ्यावरून काढाल?" मालक म्हणाले, "एवढ्यावरून नाही, ताई. पण कशावरून तरी काढावंच लागेल ना?" तिच्या मनात पाल चुकचुकली, ती मालकांबद्दल. पण मालकांचा विचार नंतर करता येईल असं तिनं ठरवलं. एका वेळी एकच संशयित, हा तिचा नियम होता.

एक्स-रे विभागात सकाळची गर्दी ओसरली तशी तिनं टेबलाच्या कडेला कागद ओढला आणि लिहायला घेतलं. आत एक म्हातारे गृहस्थ छाती मशीनला टेकवून उभे होते, श्वास रोखून, आणि ती बाहेर 'चुकीचा' हा शब्द लिहीत होती. तो लिहून होईपर्यंत तिला त्यांना श्वास सोडा म्हणायचं आठवलं नाही. "सोडा, सोडा," ती ओरडली, तेव्हा ते बिचारे लालबुंद झालेले. कागद लिहून झाला. सुरेख झाला. तिनं सही केली आणि सवयीनं सहीखाली अकरा लिहिलं, मग ते खोडलं, मग सगळा कागद फाडून नवा लिहिला, कारण खोडाखोड असलेल्या कागदावर कुणी विश्वास ठेवत नाही. अकरा हा तिचा नंबर. इथं काम करणाऱ्या प्रत्येकाला शिशाची दोन छोटी अक्षरं मिळत, एक उजव्याचं, एक डाव्याचं, आणि त्यांच्यावर ज्याचा त्याचा नंबर कोरलेला. पायाचा, हाताचा, कशाचाही फोटो काढताना ते अक्षर शेजारी चिकटवायचं, म्हणजे फोटोत कळतं ही बाजू कुठली आणि ही सांगणारा कोण. माणसाचे दोन गुडघे आतून जुळ्या भावंडांसारखे असतात; अक्षर नसेल तर डॉक्टरनं विश्वास तरी कशावर ठेवायचा? आता सगळं कॉम्प्युटरवर आलं, तरुण पोरी बटण दाबून अक्षर उमटवतात, पण ती अजून शिसं चिकटवते, पांढऱ्या चिकटपट्टीनं. पट्टीचा रोल तिच्या पर्समध्येच असतो. डब्यावर, छत्रीवर, खुर्चीच्या पाठीवर, सगळीकडे पट्टी आणि पट्टीवर अकरा.

तशीच एक पट्टी तिनं नऊ दिवसांपूर्वी गाडीच्या पोटावर लावली होती. स्वतःच्या हातानं. म्हणून तर ती एवढी ठाम होती. त्या दिवशी गाडी लिफ्टवर डोक्याच्याही वर चढवलेली, आणि फुंकर मिस्त्रीनं तिला बोलावून सगळं नीट समजावून सांगितलं होतं, जरा जास्तच नीट. ही गाडी तिनं हॉस्पिटलातल्याच एका मोठ्या डॉक्टरांकडून जुनी घेतलेली, सहा सिलिंडरची. तीन एका बाजूला, तीन दुसऱ्या. दोन ओळी, म्हणून धुराच्या नळ्याही दोन. प्रत्येक नळीवर दोन ऑक्सिजन सेन्सर, बोटाएवढे, शेपटासारखी वायर असलेले. धूर गाळणाऱ्या डब्याच्या आधीचा सेन्सर धुरात ऑक्सिजन किती उरला ते हुंगतो आणि इंजिनाला सांगतो, पेट्रोल वाढव, कमी कर. डब्याच्या नंतरचा काही करत नाही, नुसती पाळत ठेवतो, डबा आपलं काम करतोय की नाही. तिला तो नंतरचा फार आवडला होता. "यातला खराब सेन्सर कुठला?" तिनं विचारलं होतं. मिस्त्रीनं हातातल्या पाटीएवढ्या पडद्यावर बघून सांगितलं, "पहिली ओळ, आधीचा." "पहिली ओळ म्हणजे कुठली?" "पहिला सिलिंडर ज्या बाजूला ती." "आणि तो कुठे?" "या गाडीत उजवीकडे. बसल्यावर आपला उजवा हात."

एवढं झाल्यावर गप्प बसेल ती कसली! मिस्त्री सांगतोय म्हणजे मिस्त्री विसरणारही, किंवा सोपा असेल तो बदलून मोकळा होणार. डावीकडचा पुढं आलेला, पाना सहज बसेल असा, हे मिस्त्रीच बोलता बोलता म्हणाला होता. उजवीकडचा आत दडलेला. कुठला बदलण्याचा मोह होईल हे सांगायला ज्योतिषी नको. तेव्हा तिनं गाडीखाली उभं राहून, मान वर करून, नळीशेजारच्या पत्र्यावर पट्टी चिकटवली, तिच्यावर बाण काढला, आणि खाली अकरा. "हा बदला," ती म्हणाली. मिस्त्रीनं पट्टीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. "ताई, एकदा तिलाच विचारून घेऊ का?" "कुणाला?" "गाडीला." हे लोक कामाचा वेळ वाढवायला काय काय बोलतील! "उजवं-डावं मला नका शिकवू," ती म्हणाली. "पंचवीस वर्षं तेच करतेय मी." मिस्त्रीनं आणखी एकदा पट्टीकडे पाहिलं. मग खांदे पाडून त्यानं पाना उचलला, पान्याच्या तोंडात फूऽ करून फुंकर मारली आणि कामाला लागला. कुठलीही वस्तू हातात घेतली की फुंकर मारायची त्याची सवय होती, त्यावरूनच ते नाव. नवा सेन्सर खोक्यातून काढला तेव्हा तर तिचे डोळे त्याच्या ओठांवरच खिळले होते, कारण त्याच्या टोकाला हात लावू नये, ओल लागू नये, असं खोक्यावरच लिहिलेलं. मारली का त्यानं त्याच्यावर फुंकर? तिला आता नक्की आठवेना. बहुतेक मारलीच असणार.

दुपारी गॅरेजकडे निघताना ती ह्या सगळ्याचा पुन्हा पुन्हा काथ्याकूट करत होती. त्यानं नवा सेन्सर बसवलाच नसेल, जुनाच घासून पुसून लावला असेल. किंवा बसवला, पण फुंकर मारून बिघडवला. किंवा मी तिथून गेल्यावर पट्टीकडे कानाडोळा करून सोपा तेवढा बदलला. सोपा कुठला होता? डावीकडचा. आणि पट्टी कुठे होती? पट्टी बरोबर होती, तिचा प्रश्नच नव्हता. पर्समध्ये कागद चार घड्या घालून ठेवलेला, आणि त्याच्या शेजारी पट्टीचा रोल. गाडीत पेट्रोलचा किंचित जास्त वास येत होता, किंवा तो तिच्या नाकातच भरून राहिला होता. ह्या वासावरून तिला काहीच कारण नसताना विभागातली जुनी अंधारी खोली आठवली, फोटो धुण्याच्या औषधांचा वास, लाल दिवा, आणि त्या उजेडात थोरल्या बाईंचे हात. एकवीस वर्षं झाली. तिनं हे आठवायचं नाही असं ठरवलेलं होतं, आणि ठरवलेलं ती सहसा पाळायची.

थोरल्या बाई म्हणजे तिला काम शिकवणाऱ्या. नंबर सात. बोलणं कमी, चालणं जड, पण फोटो असा की हाडातली केसाएवढी चीर दिसावी. एका दुपारी, अशाच एका रटाळ दुपारी, तिचं उजव्याचं अक्षर सापडेना. बाहेर रांग लागलेली, टेबलावर एक माणूस गुडघा धरून विव्हळतोय, आणि बाईंची दोन्ही अक्षरं तिथं बशीत पडलेली. उचललं एक आणि लावलं. तेवढंच. लावताना तिनं ते वाचलं होतं का? आज एकवीस वर्षांनीही ती शपथेवर सांगू शकली नसती. दोन दिवसांनी त्या माणसाचा चांगला गुडघा कापला गेला. फार नाही, डॉक्टरांच्या लगेच लक्षात आलं, टाके घातले, माणूस महिन्यात चालू लागला. पण चौकशी बसली, आणि फोटोत स्वच्छ दिसत होतं, चुकीचं अक्षर, आणि अक्षरावर सात. बाईंना आत बोलावलं. बाई म्हणाल्या, "अक्षर माझं आहे." एवढंच म्हणाल्या. लावलं कुणी ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारणाऱ्यांनाही विचारावंसं वाटलं नाही. मग हिला बोलावलं. लांब टेबलापलीकडे तीन माणसं, पाण्याचे तीन पेले. "तुम्हाला काही सांगायचंय?" मी लावलं होतं. तीन शब्द. आणि ती म्हणाली, "नाही." बाईंनी मुदतीआधी नोकरी सोडली. जाण्याच्या दिवशी पिशवीत आपला पेला भरता भरता त्यांनी सहज विचारलं, "तुझं अकराचं सापडलं का गं?" तिला ते सापडलं होतं, त्याच संध्याकाळी, एप्रनच्या अस्तरात. "नाही," ती म्हणाली. ह्या प्रश्नाचा तिनं आजवर किती कीस पाडला! बाईंना माहीत होतं का? माहीत असून त्या गप्प बसल्या? का बसल्या? फुकटात कुणी कुणासाठी गप्प बसत नाही. ह्यात काहीतरी पाणी मुरत असणार, आणि ते कुठे मुरतंय ते सापडेना म्हणून ती तेव्हापासून सगळीकडे शोधत होती: भाजीवाल्याच्या तराजूत, नवऱ्याच्या उशिरा येण्यात, सासूच्या कौतुकात, डॉक्टरांनी विकलेल्या गाडीत.

गॅरेजात मालक काचेच्या केबिनमध्ये फोनवर होते. त्यांनी हातानंच 'बसा, आलोच' केलं. बाकीची माणसं जेवायला गेलेली. गाडी घेतली फुंकर मिस्त्रीनंच. तिच्याकडे बघून त्यानं मान हलवली, ना हसला ना घाबरला, आणि गाडी लिफ्टवर चढवली. ह्याला उद्याची कल्पना नाही, तिच्या मनात आलं. किंवा आहे, आणि सोंग आणतोय. ती बाकावर बसली आणि डोळ्यात तेल घालून बघू लागली. वर गाडीचं इंजिन चालू होतं. मिस्त्री खाली, हातात पडदा. त्यानं हात उंच करून कुठलीशी वायर सोडवली, पडद्याकडे पाहिलं, वायर पुन्हा जोडली. मग दुसऱ्या बाजूला गेला, तिथली सोडवली, पाहिलं, जोडली. मग जरा वेळ नुसता उभा राहिला. मग त्यानं केबिनकडे एक नजर टाकली. मालकांची पाठ होती. आणि मग, हे तिनं स्पष्ट पाहिलं, त्यानं वर हात घालून काहीतरी काढलं, मुठीत दाबलं आणि शर्टाच्या खिशात घातलं.

ती उठली कधी आणि गाडीखाली पोचली कधी हे तिचं तिलाच कळलं नाही. "काय घातलंत खिशात?"

"काही नाही, ताई."

"मी बघितलंय. नवा सेन्सर काढून घेतलात ना? दाखवा."

"हळू बोला," मिस्त्री म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, घाई होती. "आधी हे बघा, मग खिसा बघा. या अशा. माझ्या शेजारी उभ्या राहा."

ती उभी राहिली, पर्स छातीशी धरून. डोक्यावर गाडीचं काळं, तेलकट पोट. पडद्यावर दोन रेघा होत्या. खालची भराभर वरखाली नाचत होती. वरची, जिच्याशेजारी एकचा आकडा होता, आजारी माणसासारखी जेमतेम हलत होती. "नाचणारी ती चांगली," मिस्त्री म्हणाला. "आता गाडीलाच विचारू. मी ही वायर काढतो. कुठली रेघ पडते तुम्हीच सांगा." त्यानं आपल्या उजव्या बाजूला, आत दडलेल्या सेन्सरची वायर सोडवली. वरची रेघ मेली. सरळ, सपाट. "एक नंबरची," ती म्हणाली. "हं. म्हणजे पहिली ओळ ही. खराब तो हा, जुना. आपण बदलला तो बघा, तिकडे चकाकतोय." तिनं डावीकडे पाहिलं. नवा सेन्सर स्वच्छ, चंदेरी, डाव्या नळीवर.

"पण दिवा विझला होता की," ती म्हणाली.

"तो मी पुसला होता. पुसल्यावर गाडी आठ-दहा दिवस गप्प बसते. मग पुन्हा तक्रार करते."

"मग चुकीचा बदललात तुम्ही! मी खूण केली होती, उजवीकडे केली होती..." असं म्हणता म्हणता तिनं उजवा हात वर केला, आणि तो हात डावीकडे जाऊ लागला. तो आपोआप गेला. पंचवीस वर्षं तो असाच जात आला होता: पोट आपल्याकडे आहे म्हणजे माणूस आपल्या समोर आहे, म्हणजे त्याची उजवी ती आपली डावी. हात हवेत अर्ध्यावर थांबला. गाडी तिच्यासमोर नव्हती. गाडी तिच्या डोक्यावर होती. गाडीचं तोंड रस्त्याकडे आणि तिचंही तोंड रस्त्याकडे, दोघींची एकाच दिशेला. गाडीची उजवी तीच तिची उजवी होती. हे कुठल्याही शेंबड्या पोराला कळलं असतं. तिलाच कळलं नाही, कारण उजवं-डावं तिला फार चांगलं येत होतं.

डाव्या नळीशेजारी पत्र्यावर एक स्वच्छ चौकोन उरला होता, आसपास काजळी आणि मधे पट्टीएवढी जागा गोरी. "पट्टी कुठाय?" तिनं विचारलं. मिस्त्रीनं पुन्हा केबिनकडे पाहिलं. मालक फोन ठेवत होते. त्यानं खिशातून ती काढली, दुमडलेली, कडेनं तपकिरी झालेली, आणि तिच्या तळहातावर ठेवली. "राहू द्या तुमच्यापाशी," तो म्हणाला. "मालकांच्या नजरेला पडली असती तर उगीच तुम्हाला बोलले असते. गिऱ्हाइकाची चूक म्हणून दुसऱ्या सेन्सरचे पैसे लावतील. मी म्हणेन माझ्याकडून झालं."

हा धमकी देतोय का? पहिला विचार हाच आला. दुसरा येणारच नव्हता तिला. ह्याला काय हवंय? पण मिस्त्रीनं पाठ वळवली होती. जुन्या सेन्सरच्या गंजलेल्या जोडावर तो तेल सोडत होता, आणि त्याची मान मागून अगदी म्हातारी दिसत होती, कॉलरच्या आत हडकुळी. त्याला काहीच नको होतं. ह्यात कुठेच पाणी मुरत नव्हतं. हे इतकं सरळ होतं. बाईंनाही काही नको होतं. बाईंनी पेला पिशवीत ठेवता ठेवता नुसतं विचारलं होतं, सापडलं का गं, म्हणजे तिला हो म्हणता यावं. एवढंच होतं ते. एकवीस वर्षं ती त्या वाक्याच्या मागे दडलेला माणूस शोधत राहिली, आणि मागे कुणी नव्हतंच, मागच्या सीटवर नव्हतं तसं.

"ताई!" मालक हसत हसत बाहेर आले, हात पुढे करून. "आणलंत का लेखी?"

"आणलंय," ती म्हणाली. मिस्त्रीचा हात जोडावर थांबला. त्याला माहीत होतं तर. सकाळपासून माहीत असणार. तिनं पर्स उघडली, कागद काढला, घड्या उलगडल्या. सुरेख अक्षर, एक खोडाखोड नाही. तिनं तो गाडीच्या चाकावर, रबरावर सपाट धरला आणि तळहातातली पट्टी उलगडून त्यावर दाबून बसवली, फुंकर मिस्त्रीच्या नावावर. चिकटपणा कमी झाला होता, म्हणून अंगठ्यानं पुन्हा पुन्हा दाबली. बाण, आणि खाली अकरा. मग कागद मालकांच्या हातात दिला.

मालकांनी तो वाचायचा प्रयत्न केला. कागद लांब धरला, जवळ धरला. "हे काय, ताई? नाव दिसत नाही. आणि हे अकरा काय?"

"अकरा मी," ती म्हणाली. "हे म्हणत होते गाडीला विचारू. मी विचारू दिलं नाही. चुकीची खूण मी लावली होती."

"तुम्ही?" मालकांचं हसू उतरलं. त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं, पुन्हा तिच्याकडे. "नीट आठवून सांगा हं. कधी लावलीत? त्या दिवशी की आज?"

तिनं वर पाहिलं, पत्र्यावरच्या त्या गोऱ्या चौकोनाकडे. पुन्हा त्या लांब टेबलापलीकडे तीन माणसं होती, पाण्याचे तीन पेले होते.

"दोन्ही वेळा," ती म्हणाली. "दोन्ही वेळा मीच लावली होती."

"दोन्ही वेळा कसं? तुम्ही तर एकदाच आला होतात," मालक म्हणाले. फुंकर मिस्त्रीनं पान्याच्या तोंडात फुंकर मारली आणि तो उजव्या बाजूच्या सेन्सरवर चढवला.